भाताचे खोरे, गिरणीची वीज

१९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. देवदेवता आणि राजेराजवाडे यांच्यात रमलेल्या त्या काळच्या पडद्यावर पहिल्यांदाच साधा कुळंबी नायक म्हणून उभा राहिला. ती भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली होती. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर त्याची जमीन गिळतो आणि तो बायकोमुलांसह शहराची वाट धरून गिरणीत कामाला लागतो. गोष्ट एवढीच, पण त्या दशकात महाराष्ट्रातल्या हजारो घरांची ती खरी गोष्ट होती.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अन्नाच्या कारखानदारीवर जगभर पुष्कळ माहितीपट निघाले. निकोलाउस गेयरहाल्टरचा ‘अवर डेली ब्रेड’ २००५ चा, रॉबर्ट केनरचा ‘फूड, इंक.’ २००८ चा. आपल्याकडे दीपा भाटियांनी पी. साईनाथ यांच्या सोबतीने विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर २००९ साली ‘नीरोज गेस्ट्स’ केला. यांतल्या बऱ्याच चित्रपटांची वाट एकच असते. ताटातल्या घासापासून निघायचे आणि पाकीट, कारखाना, गोदाम, ट्रक असे मागे मागे जात शेतापर्यंत पोहोचायचे. महाराष्ट्रात हीच वाट धरली, मुंबईच्या गिरणगावातल्या एखाद्या खानावळीच्या ताटापासून निघालो आणि शेताशी न थांबता आणखी मागे गेलो, तर आपण सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशी पेट्यात येऊन पोहोचतो. तिथे शेताच्या जागी पाणी दिसते. आपल्या अन्नाच्या कारखानदारीचा इतिहास मला अन्नाच्या कारखान्यातून सुरू झालेला वाटत नाही. भात पिकवणारे एक खोरे विजेसाठी बुडवले गेले आणि भात पिकवणारी माणसे तांदूळ विकत घेणारी झाली, तिथून तो सुरू होतो. ती हकीकत सांगितल्याशिवाय ताटाची हकीकत पुरी होत नाही.

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघाले की पौडच्या पुढे माले गाव लागते आणि मग धरण येते. नीला आणि मुळा या दोन नद्यांच्या संगमाजवळ ही भिंत घातली आहे. आज त्या भिंतीमागे डोंगरांच्या फटींतून लांबवर पसरलेला जलाशय आहे, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग त्याच्या कडेने ताम्हिणीकडे जाते. शंभर वर्षांपूर्वी या पाण्याच्या जागी खाचरे होती. नद्यांच्या दोन्ही काठांना बांधांनी आखलेली, एकाखाली एक उतरत गेलेली भाताची खाचरे आणि त्यांच्या मधोमध गावे. वरच्या उतारावर वरकस जमीन, तिथे नाचणी आणि वरई. खाली खोऱ्यात भात. त्यातला मानाचा भात आंबेमोहर.

आंबेमोहराचा दाणा आखूड आणि टपोरा. शिजताना घरभर आंब्याच्या मोहराचा वास सुटतो आणि भात मऊ, किंचित चिकट होतो. आजाऱ्याची पेज, तान्ह्या मुलाची पहिली गुरगुट्या भाताची वाटी आणि सणाचा वरणभात यांसाठी पुण्याच्या घरांत हाच तांदूळ मागितला जाई. एकरी उतारा मात्र कमी. ताटे उंच वाढतात, वाऱ्यापावसाने लोळतात, करपा पटकन धरतो. तरी मावळ आणि मुळशीच्या लोकांनी तो पिढ्यान्पिढ्या सांभाळला, कारण तिथले पाणी, तिथली माती आणि तिथली हवा त्याला मानवत होती आणि पुण्याच्या पेठेत त्याला भाव होता.

या भाताचे वर्ष उन्हाळ्यातच सुरू होई. ठरलेल्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्यांचे कवळ पसरून वर मातीचा थर द्यायचा आणि तो राब भाजायचा. पहिल्या पावसाच्या सुमाराला भाजलेल्या जमिनीत बी टाकायचे. रोप हाताएवढे झाले की चिखलणी केलेल्या खाचरात आवणी. डोक्यावर इरले, पोटरीभर चिखल आणि दिवसभर वाकलेली पाठ. दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग झोडणी, मग कणगी. आणि रोजच्या रोज घरातल्या बायकांनी भात भरडायचा, उखळात सडायचा, पाखडायचा. कोंडा जनावराला, कण्या पेजेला, तांदूळ माणसाला. त्यात काही वाया जात नव्हते.

या व्यवस्थेला सुखाची म्हणता येणार नाही. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या आपल्या अभ्यासात दाखवून दिले आहे की खोऱ्यातल्या जमिनीचा मोठा वाटा पुण्यातल्या आणि पेट्यातल्या सावकारांच्या हाती गेलेला होता. मावळा कसत होता, पण सातबाऱ्यावर किंवा गहाणखतावर नाव दुसऱ्याचे. आंबेमोहर पिकवणाऱ्या घरात आंबेमोहर शिजेच असे नाही. चांगला तांदूळ खंडात आणि व्याजात जाई, आणि चुलीवर वरई-नाचणी येई. ही गोष्ट पुढच्या लढ्यात फार महत्त्वाची ठरली.

तिकडे मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत होत्या. कोळसा बंगाल-बिहारच्या खाणींतून किंवा परदेशातून यायचा. तो महाग पडे, आणि शहरावर धूर साचे. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने कोसळणारे पाणी अडवून ते कोकणात खाली सोडायचे आणि त्या उतारावर वीज काढायची, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीतली. ते १९०४ साली गेले. त्यांच्या मुलांनी ती तडीस नेली. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली, १९११ साली लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची पायाभरणी मुंबईच्या गव्हर्नराच्या हस्ते झाली, आणि १९१५ साली खोपोलीहून वीज मुंबईला पोहोचली. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली तशी विजेची मागणी वाढली. दुसरी योजना आंध्रा खोऱ्यात, तिसरी मुळशीत. तिसऱ्या योजनेसाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. ही कंपनी परकी नव्हती. स्वदेशी उद्योगाचा ध्वज खांद्यावर घेतलेले हे घराणे. मँचेस्टरच्या कापडाशी झुंजायचे तर मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज हवी, हा युक्तिवाद त्या काळच्या राष्ट्रीय वृत्तीच्या माणसाला सहज पटणारा होता. म्हणून मुळशीच्या लढ्याला वेगळे वजन आहे. परक्या सरकारच्या कायद्याने, स्वदेशी कंपनीसाठी, शेतकऱ्याची जमीन घेतली जात होती. त्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला गेला, आणि तो पुढे स्वतंत्र भारतातही चालू राहून एकूण शंभराहून अधिक वर्षे टिकला. नर्मदेपर्यंतच्या सगळ्या धरणग्रस्तांच्या कपाळी हाच कायदा आला.

पहिली ठिणगी पडली ती चाचणीच्या चरांवरून. धरणाची जागा पाहण्यासाठी कंपनीच्या लोकांनी शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या शेतांत चर खणले. ज्याचे शेत खणले तो मावळा आडवा आला, तेव्हा साहेब इंजिनिअराने त्याच्यावर पिस्तूल रोखले, अशी हकीकत विनायकराव भुसकुटे यांनी लिहून ठेवली आहे. भुसकुटे हे या लढ्याच्या पहिल्या संघटकांपैकी. गावोगाव पायी फिरून त्यांनी लोकांना गोळा केले आणि पुढे आयुष्याच्या उतरणीला, १९६८ साली, ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक लिहिले. त्या खोऱ्याचा आवाज आज जो काही आपल्यापर्यंत पोहोचतो, त्याचा मोठा भाग या पुस्तकामुळे आणि ‘केसरी’च्या त्या वर्षांच्या अंकांमुळे.

१६ एप्रिल १९२१. रामनवमी होती. बाराशेच्या आसपास मावळे, त्यांत बायका आणि मुलेही, धरणाच्या पायाच्या जागेवर जाऊन बसले. असहकाराची चळवळ देशभर भरात होती. सत्याग्रह हा शब्द लोकांच्या तोंडी होता, पण शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीसाठी धरणाच्या पायात जाऊन बसणे हे याआधी कोणी पाहिले नव्हते. कामावरचे मजूर हातातले घमेले टाकून बाजूला झाले. काम बंद पडले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’.

त्याच महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त मुळशी पेट्यावर लिहिले. लोकांच्या धैर्याची त्यांनी वाखाणणी केली आणि टाटांना कळकळीची विनंती केली की, लोकांच्या इच्छेविरुद्ध पुढे जाऊ नका. एका गरिबाला त्याच्या मर्जीविरुद्ध उठवून मिळणारी वीज देशाच्या कामाची नाही, असा त्या लेखाचा आशय. लढ्याचे नेतृत्व मात्र त्यांनी घेतले नाही. ते पुण्याच्या टिळकपंथीय कार्यकर्त्यांकडे राहिले, आणि त्यांच्यात मतभेद होते. काहींना लढा शेवटपर्यंत न्यायचा होता, काहींना चांगली भरपाई मिळवून तो मिटवायचा होता.

काम काही महिने थांबले आणि १९२१ च्या अखेरीला पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या फेरीत सरकारने हात आखडता घेतला नाही. माणसे पकडली गेली, कारावास झाले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही तुरुंगात जावे लागले. तुरुंगात गेलेल्यांत मावळच्या बायकाही होत्या. ज्यांनी घराबाहेर पाऊल टाकले तर ते आवणीला किंवा बाजाराला, त्या बायका येरवड्याच्या दारापर्यंत गेल्या, हे फारसे सांगितले जात नाही. ते सांगायला हवे. भात सडणारे, पाखडणारे, शिजवणारे हात त्यांचेच होते आणि जमीन गेल्यावर पहिली झळ चुलीलाच लागणार हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

या लढ्याने महाराष्ट्राला एक सेनापती दिला. पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला जाऊन त्यांनी यंत्रविद्येचे शिक्षण घेतले. लंडनच्या इंडिया हाऊसशी संबंध आला, बाँबविद्येची माहिती मिळवून ते परतले. पुढे भूमिगत आयुष्य, मग पारनेरात हातात झाडू घेऊन ग्रामसफाई. असा माणूस मुळशीत उतरला आणि लोकांनी त्याला सेनापती म्हटले. धरण म्हणजे काय, बोगदा म्हणजे काय, वीज कशी निघते, हे त्यांना चांगले कळत होते. तरीही ते मावळ्यांच्या बाजूने उभे राहिले. यंत्राविषयीच्या अडाणीपणातून हा विरोध आला, असे म्हणणाऱ्यांना बापटांचे आयुष्य हे उत्तर आहे.

पण लढा आतून पोखरत गेला. खोऱ्यात जमिनीचे दोन मालक होते, कागदावरचा आणि कसणारा. सावकाराला जमिनीची किंमत हवी होती. ती वाढवून मिळाली की त्याचा प्रश्न मिटत होता. कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती, कारण भरपाईचे पैसे त्याच्या हातात येण्याआधी कर्जखात्यात जिरणार होते. व्होरांच्या पुस्तकात ही फूट बारकाईने उलगडली आहे, आणि ती वाचताना मन विषण्ण होते. सरकार आणि कंपनी यांच्याशी लढणे लोकांना जमले. स्वतःच्या गावातल्या खतावणीशी लढणे जमले नाही. एकेक जण भरपाई घेत गेला. १९२३-२४ पर्यंत सत्याग्रही थोडे उरले.

बापटांनी मग अहिंसेची मर्यादा ओलांडली. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मूठभर साथीदारांसह धरणाच्या कामावर माणसे आणि सामान नेणारी आगगाडी अडवली, शस्त्रेही वापरली. कोणाला मारण्याचा त्यांचा हेतू नव्हता, आणि लपण्याचाही नव्हता. सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ साली सुटले. तोपर्यंत धरण उभे राहिले होते आणि त्याच्या पाण्यावर घाटाखाली चालणारे भिऱ्याचे वीजघर चालू होऊन चार वर्षे झाली होती.

पन्नासच्या आसपास गावे आणि दहा हजारांच्या वर माणसे या योजनेने विस्थापित केली. कोणी वर सरकून डोंगराच्या कुशीत नवी घरे घातली आणि वरकस जमिनीवर वरई-नाचणी काढू लागले. कोणी पुण्याच्या बाजूला गेले, कोणी मुंबईला. खोऱ्यातली खाचरे म्हणजे पेट्यातली सर्वांत कसदार जमीन, ती पाण्याखाली गेली. उतारावर आंबेमोहर येत नाही. म्हणजे जे पिकवत होते आणि आजवर, थोडे का होईना, खात होते, ते आता बाजारात जाऊन तांदूळ मागू लागले. ‘सावकारी पाश’ पडद्यावर आला तो याच सुमाराला, बापट शिक्षा भोगत असताना. चित्रपटातला कुळंबी ज्या गिरणीच्या दारात पोहोचतो, तसल्या मुंबईच्या गिरण्यांची चाके आता सह्याद्रीच्या पाण्यावर फिरू लागली होती. मावळातून आलेला माणूस ज्या मागावर उभा राही, त्या मागाला त्याच्याच मुलखातली वीज मिळत होती.

मुंबईत तो काय खात होता? गिरणगावातल्या एका खोलीत दहा-बारा जण राहत, पाळ्या लावून झोपत, आणि जेवण खानावळीत. या खानावळी बहुतेक बायका चालवत; महिन्याच्या हिशेबावर भाकरी, भात, कालवण. त्या भाताचा तांदूळ पुष्कळदा रंगूनचा असे. ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाशी मैलोन्मैल फक्त निर्यातीसाठी भात लावला जाई. तो रंगूनच्या वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांत सडून, पांढराशुभ्र करून, गोणी भरून बोटींनी येई. त्या काळात आशियातला सर्वांत मोठा तांदळाचा निर्यात-उद्योग तो हाच. मुळशीचा सुवासिक, हातसडीचा तांदूळ जाऊन पोटात गेला तो हा.

मुंबईच्या ताटाशी मावळाचे आणखी एक नाते आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोहोचवण्याचे काम सुरू केले. त्या कामाला जी माणसे लागली ती मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली. आजही डबेवाल्यांची गावे तीच. पुढे ‘डबेवाला’ हा जगाच्या कौतुकाचा विषय झाला. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला येऊन भेटले. बीबीसीपासून व्यवस्थापनाच्या विद्यालयांपर्यंत सर्वांनी त्यांच्यावर चित्रफिती केल्या. २०१३ च्या रितेश बत्रांच्या ‘द लंचबॉक्स’ने त्यांना जगभरच्या चित्रपटगृहांत नेले. या चित्रफिती लोकलच्या डब्यापासून सुरू होतात आणि कचेरीच्या टेबलापाशी संपतात. पांढरी टोपी घातलेला तो माणूस मावळातून मुंबईला का आला, त्याच्या घरी खाचर होते का, ते कुठे गेले, हे विचारायला कॅमेरा कर्जत-लोणावळ्याच्या वर सहसा चढत नाही. मला ही उणीव फार खुपते. दुसऱ्याच्या घरचे ताजे अन्न वेळेवर पोहोचवणाऱ्या या माणसांच्या गावाकडच्या चुलीची विचारपूस कोणी केली नाही.

चकचकीत सडलेल्या तांदळाविरुद्ध पहिला संघटित आवाज महाराष्ट्रातच उठला, तो वर्ध्याला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस, मगनवाडी हे ठिकाण. यंत्राने घासताना दाण्यावरचा कोंड्याचा थर निघून जातो, त्याबरोबर ब-जीवनसत्त्व जाते आणि बेरीबेरीसारखा रोग होतो, हे शास्त्राला तोवर कळून चुकले होते. त्याच शोधासाठी आइकमनला १९२९ चे नोबेल मिळाले. गांधीजी ‘हरिजन’मधून आठवड्याला आठवडा हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल आणि गूळ यांवर लिहीत राहिले. त्यात आरोग्याचा विचार होता आणि मजुरीचाही. भाताची गिरणी आली की उखळ-मुसळावर पोट भरणाऱ्या बायकांची रोजी जाते, हे कुमारप्पांनी आकड्यांनी मांडले. स्वतंत्र भारताने १९५८ साली तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा कायदा केला तो या विचाराच्या छायेत. पण तोवर गिरण्या गावोगाव पोहोचत होत्या आणि कायद्याने त्या थांबल्या नाहीत.

अन्नावरचे चित्रपट त्या काळी नव्हते असे नाही. ते विकणाऱ्यांनी केले. १९३७ साली शिवडीच्या कारखान्यातून डालडा बाजारात आला. तूप समजून चरबी खाल्ली तर धर्म बुडेल, ही लोकांची भीती घालवायला १९३९ साली लिंटास कंपनीने चित्रपटगृहांत दाखवायचा छोटा चित्रपट काढला आणि डालड्याच्या डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यांवर फिरवली. कारखान्यात बनलेले अन्न लोकांच्या चुलीपर्यंत नेण्यात पडद्याने किती मोठे काम केले, हे या एका मोहिमेवरून दिसते. मुंबईच्या कारखान्यांना ज्या जाळ्यातून वीज मिळे, त्यात भिऱ्याची वीज होतीच.

मग युद्ध आले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि रंगूनच्या बोटी थांबल्या. बंगालमध्ये १९४३ चा भीषण दुष्काळ पडला. मुंबईत मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झाले; रेशनकार्ड हा शब्द मराठी घरात तेव्हा आला तो आजतागायत आहे. भात पिकवणाऱ्या तालुक्यांतून लेव्ही वसूल होऊ लागली. शहराच्या पोटासाठी गावाने किती द्यायचे, हे आता सरकारी कचेरीत ठरत होते. ‘अधिक धान्य पिकवा’ ही घोषणा त्याच काळातली. चांगली खाचरे तळाशी असलेल्या खोऱ्याच्या काठावर ती घोषणा कशी ऐकू आली असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी त्यांचा माहितीपट दाखवणे सक्तीचे होते, आणि त्या पडद्यावर धरणे होती, कालवे होते, सुधारित बियाणे होते. बोरिवलीच्या कोरा केंद्रातल्या प्रयोगांमधून जपानी पद्धतीची भातलागवड देशभर गेली. सरळ ओळीत आवणी, मोजकी रोपे, भरपूर खत. १९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे आयआर-८ हे बुटके, खताला उभारी धरणारे, भरघोस उताऱ्याचे भात आले. एकरी पिकाचे आकडे चढले. उपासमारीच्या छायेत जगलेल्या पिढीला याचे मोल ठाऊक होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चवीने आणि वासाने ते मुळशी-मावळच्या माणसाला रुचले नाही.

त्यावरचा तोडगा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढला. आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून त्यांनी इंद्रायणी हे वाण तयार केले. १९८७ साली ते शेतकऱ्यांना मिळाले. वास आंबेमोहराच्या कुळातला, बुटकेपणा आणि उतारा आयआर-८ च्या कुळातला. आज पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात बहुतेक खाचरांत इंद्रायणीच दिसते. सरकारी शास्त्रज्ञांनी स्थानिक जिभेचा मान राखून केलेले हे काम मला फार मोलाचे वाटते. तरी मूळ आंबेमोहर मागे पडला तो पडलाच. पुण्यामुंबईच्या दुकानांत आंबेमोहर या नावाने जे पोते उघडते, त्यात पुष्कळदा परराज्यातला, दिसायला तसाच आखूड दाण्याचा तांदूळ असतो.

आणि उरलेली खाचरे? मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या, पश्चिमेला तलावाच्या काठाने सुटीची घरे आणि रिसॉर्टे. १९२१ साली भूसंपादनाच्या नोटिशीने जे झाले, ते आता खरेदीखताने होते आहे. जमीन विकून आलेला पैसा संपल्यावर घरातल्या तरुण पोरांचे काय होते, हे प्रवीण तरडे यांनी २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये मांडले. तो कथापट आहे, त्यात गुन्हेगारीचा थरार आहे. पण ज्या जखमेतून तो निघाला ती खरी आहे आणि बाबूराव पेंटरांच्या चित्रपटाशी त्याचे रक्ताचे नाते आहे. सावकाराची जागा दलालाने घेतली आहे, एवढेच.

२०२१ साली सत्याग्रहाला शंभर वर्षे झाली. धरणाकाठच्या गावांतले लोक आजही जमिनीच्या हक्कासाठी अर्ज करतात, मोर्चे काढतात; ज्या तलावाने मुंबईला वीज दिली त्याच्या कडेच्या वाड्यांना रस्ता आणि पिण्याचे पाणी मिळण्यासाठी दशकानुदशके वाट पाहावी लागली. नर्मदेच्या लढ्याचे आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी ‘ए नर्मदा डायरी’त (१९९५) चित्रण केले, म्हणून नर्मदाकाठच्या मणिबेलीची माणसे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. मुळशीच्या पिढीचे चेहरे आपल्याला असे दिसत नाहीत. मात्र त्यांच्या नातवंडांच्या आणि पणतवंडांच्या तोंडून ऐकता येण्यासारखे अजून खूप आहे. कोणते खाचर कोणाचे होते, कोणत्या वाडीचा आंबेमोहर जास्त वासाचा, पाणी चढू लागले तेव्हा कणगीतले भात कसे वर नेले. अन्नावर माहितीपट करू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींनी मालेपासून वर निवे गावापर्यंतच्या गावांत कॅमेरा घेऊन जावे, असे मला मनापासून वाटते.

तलावाचे पाणी पुढे कुठे जाते तेही त्यांनी टिपावे. मुळा ही मुळात पूर्वेकडे वाहणारी नदी. तिचे पाणी मुठेला, भीमेला मिळून सोलापूरकडे जायचे. धरणाने ते पश्चिमेला वळवले. बोगद्यातून, नळांतून ते घाटाखाली रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजघरात कोसळते आणि वीज देऊन कुंडलिकेत उतरते. भीमेच्या खोऱ्यातले लोक हे पाणी परत मागतात, आणि दुष्काळाच्या प्रत्येक वर्षी ती मागणी जोर धरते. खाली कोकणात डोलवहालच्या बंधाऱ्याशी ते पुन्हा अडवले जाते. काही धाटावच्या कारखान्यांना मिळते, काही कालव्यांनी रोहे-माणगावच्या शेतांत शिरते. त्या पाण्यावर तिथे उन्हाळी भात होतो. जानेवारीत आवणी आणि मे महिन्यात कापणी, कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेल्या कमी मुदतीच्या वाणांची. आंबेमोहर त्या हंगामात कोणी लावत नाही.